स्वस्त पडते, पण कोणाला?



काटकसर हा चांगला गुण आहे, हे आपल्याला कळत्या वयापासून शिकवले गेले आहे. पानात टाकू नकोस, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद कर, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला होतो का बघ. आपल्या जुहूत एका अंगाला समुद्राकाठचे बंगले आहेत आणि दुसऱ्या अंगाला कोळीवाड्यातली, मोरागावातली एका खोलीची घरे आहेत. त्या एका खोलीत महिन्याची तीस तारीख गाठणे ही केवढी कला आहे, हे आमच्या धर्मग्रामातल्या आयांना विचारावे. म्हणून काटकसरीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण या रविवारी आपल्यापुढे एक प्रश्न ठेवणार आहोत : वाईट सवयीत केलेली काटकसर हाही सद्गुण म्हणायचा का?

प्रश्न हवेतला नाही. आपल्या तरुणांपैकी काहींनी तो आमच्यापुढे आणला. (हे पापनिवेदनातले नव्हे, मिस्सानंतर चर्चच्या आवारात उघडपणे झालेले बोलणे आहे, हे आधीच सांगतो. कोणी कोणाकडे संशयाने पाहू नये.) त्यांचे म्हणणे असे : ‘फादर, आम्ही सिगारेट सोडली. आता व्हेप ओढतो. पण त्यात घालायच्या लिक्विडची तयार बाटली फार महाग पडते. मग आम्ही सामान मिळवतो आणि घरीच मिसळतो. खर्च एकदम खाली येतो. चौपाटीवरची भेळ घरी केली की स्वस्त पडते आणि स्वच्छही असते, तसेच हे. यात चुकले कुठे?’

आम्हाला या मुलांचे एक बरे वाटले. ती हिशेब करतात. प्रभू येशूनेही हिशेब करणाऱ्यांना नावे ठेवलेली नाहीत. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. तेव्हा या मुलांना ‘गप्प बसा, पाप आहे’ एवढेच सांगून घरी पाठवणे बरोबर नाही. त्यांनी हिशेब मांडला आहे, तर आपणही तो शेवटपर्यंत मांडू.

आधी ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ई-सिगारेट म्हणजे बॅटरीवर चालणारी एक नळी. तिच्यातली तार तापते, त्या उष्णतेने आतल्या द्रवाची वाफ होते, आणि ओढणारा ती वाफ छातीत घेतो. आज आपण पाहतो त्या धर्तीची ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक नावाच्या एका औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढत असे, आणि त्याच्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. आतल्या द्रवात मुख्यतः चार गोष्टी असतात : प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचवीसाठी फ्लेवर आणि निकोटीन. पहिल्या दोन स्वस्त आहेत आणि इतर अनेक उद्योगांत वापरल्या जातात. निकोटीन हे तंबाखूतले तेच द्रव्य, ज्याच्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा हात पुढे करतो.

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी संसदेने तसा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात, सगळ्यांवरच ही बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तरीही माल मिळतो, हे आपण जाणतो. चोरून येणाऱ्या मालाच्या किमतीत विकणाऱ्याची जोखीमही धरलेली असते. म्हणून बाटली महाग, आणि म्हणून घरी मिसळण्याची कल्पना.

ही कल्पना नवी आहे असे कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्राने ती चांगली पाहिली आहे. खाद्यपदार्थांत तंबाखू किंवा निकोटीन असू नये, असा नियम २०११ मध्ये देशभर लागू झाला. त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. मग देशात ठिकठिकाणी काय झाले? गुटखा मिळेनासा झाला, पण दोन पुड्या मिळू लागल्या. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही शेजारी शेजारी लटकलेल्या. गिऱ्हाइकाने दोन्ही फाडायच्या, तळहातावर एकत्र करायच्या आणि तोंडात टाकायच्या. ही पळवाट एवढी वाढली की २३ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बंदी नीट पाळण्याबद्दल राज्यांना बजावावे लागले.

या दोन पुड्यांचा आपण जरा विचार करू, कारण त्यात एक खोल नैतिक प्रश्न आहे. कारखानदार म्हणत होता, ‘मी गुटखा करत नाही.’ दुकानदार म्हणत होता, ‘मी गुटखा विकत नाही.’ गिऱ्हाईक म्हणत होते, ‘मी गुटखा घेतला नाही.’ तिघांचेही बोलणे अक्षरशः खरे होते. आणि तरीही शेवटी तोंडात गुटखाच होता! मग तो केला कोणी? ज्याच्या तळहातावर तो तयार झाला, त्याने. पूर्वी कारखान्यात होणारे काम आता गिऱ्हाइकाच्या हातावर आले, आणि त्याबरोबर जबाबदारीही हळूच त्याच्या हातावर ठेवली गेली.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला सांगितले जाई की कृत्य पारखायचे तर तीन गोष्टी पाहाव्यात : कृत्य स्वतः काय आहे, ते कोणत्या हेतूने केले, आणि कोणत्या परिस्थितीत केले. निरनिराळे भाग निर्दोष आहेत म्हणून पूर्ण कृत्य निर्दोष ठरत नाही. ग्लिसरीन निर्दोष, बाटली निर्दोष, मोजायची सिरिंज निर्दोष. पण आपण करतो काय, हे विचारले तर उत्तर एकच येते : आपल्याला सोडत नाही अशा एका द्रव्याचा पुरवठा आपण स्वतःच स्वतःला करत आहोत.

इथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे फादर, घरी काही मिसळणेच वाईट?’ मुळीच नाही. मे महिन्याच्या कडक उन्हात आपल्या ईस्ट इंडियन घरांत मिरच्या वाळतात, पंधरा-वीस जिन्नस भाजून कुटले जातात आणि वर्षभराचा बाटली मसाला गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. तोही घरीच मिसळलेला आणि बाटलीतच भरलेला! तोही बाजारापेक्षा स्वस्त पडतो आणि त्यात काय आहे हे आईला ठाऊक असते. मग फरक कुठे आहे? बाटल्या दोन्हीकडे आहेत, काटकसर दोन्हीकडे आहे. फरक आहे तो या प्रश्नाच्या उत्तरात : ही काटकसर कोणाच्या सेवेला लागली आहे?

थोर तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात, सहाव्या भागात, दोन गोष्टींमधला भेद दाखवला आहे. एक आहे चतुराई. ठरवलेले काम कमीत कमी श्रमांत आणि पैशांत तडीस नेण्याची हातोटी. दुसरा आहे विवेक. विवेकाला चतुराई लागते, पण चतुराई म्हणजे विवेक नव्हे. कारण चतुराई ‘कसे?’ एवढेच विचारते. विवेक आधी ‘कशासाठी?’ असे विचारतो. काम चांगले असेल तर चतुराई कौतुकाला पात्र होते, काम वाईट असेल तर तीच लबाडी ठरते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. विवेक तीन प्रकारचा दिसतो, असे ते सांगतात. वाईट हेतूसाठी उत्तम उपाय शोधणारा तो खोटा विवेक. एखाद्याला आपण ‘चोर, पण पक्का हुशार’ म्हणतो ना, तसा. दुसरा खरा, पण अपुरा. व्यापार नीट करणारा व्यापारी किंवा गलबत नीट हाकणारा खलाशी एका कामापुरता विवेकी असतो. तिसरा खरा आणि पूर्ण. तो संपूर्ण आयुष्याच्या भल्यासाठी काय करावे हे ओळखतो. आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वाऱ्याचा रंग ओळखून होडी सुखरूप आणणारा माणूस संध्याकाळी सगळी कमाई गुत्त्यात देऊन आला, तर तो दर्यावर शहाणा आणि घरी येताना शहाणपण विसरलेला, असेच आपण म्हणतो.

आता आमच्या तरुण मित्रांच्या हिशेबाकडे पाहू. त्यांची बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. घरी मिसळले तर स्वस्त पडते, हे खरेच आहे. पण त्यांनी ‘किती स्वस्त?’ एवढेच विचारले. ‘काय स्वस्त झाले?’ हे विचारले नाही. जे स्वस्त झाले ती त्यांची गरज नाही, त्यांच्या गळ्यातली दोरी आहे. दोरी अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून ती सैल होत नाही.

उलट ती लांब होते. किंमत ही व्यसनाला लागलेली एक खीळ असते. म्हणूनच तंबाखूवरचा कर वाढवून ती महाग करणे हा तिचा वापर घटवण्याचा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच विचाराने महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी केली. एक सिगारेट खिशातल्या चिल्लरमध्ये येते, पाकीट येत नाही. ही खीळ काढून टाकण्याचे काम घरचे मिश्रण करते. जे मोजून ओढले जात होते ते न मोजता ओढले जाते, कारण बाटली भरलेली असते आणि ‘आपणच तर केली आहे’. वाचलेला पैसा आईच्या हातात गेला, असे सांगणारा अजून तरी आम्हाला भेटलेला नाही. तो पैसा बहुधा नव्या फ्लेवरमध्ये किंवा नव्या नळीत जातो.

‘पण त्यात काय आहे ते निदान आम्हाला ठाऊक असते’, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्याला वजन आहे, हे आम्ही मानतो. दुसऱ्याने चोरून मिसळलेल्या मालाचे काय होते, हे मुंबईने दोनदा भोगले आहे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये आपल्यापासून फार दूर नसलेल्या मालवणीत विषारी दारूने माणसे गेली. विक्रोळीत ऐंशीहून अधिक, मालवणीत शंभरहून अधिक. स्वस्त दारूत मिथेनॉल होते. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सरकारी नोंदीप्रमाणे रुग्णालयात दाखल झालेल्यांची किंवा दगावलेल्यांची संख्या २,८०७ झाली आणि त्यात ६८ मृत्यू होते. मुख्य संशय ठरला तो व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थावर. गांजाच्या अर्काच्या बेकायदा मालात तो घट्टपणा यावा म्हणून, म्हणजे कमी माल जास्त दिसावा म्हणून, मिसळला जात होता. मालवणी असो वा अमेरिका, कोणीतरी पैसे वाचवले आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी श्वासाने दिली.

तर मग स्वतः मिसळणारा सुरक्षित आहे का? त्याला बाटलीवरचे लेबल ठाऊक असते, आतला पदार्थ नव्हे. चोरट्या बाजारातून आलेल्या निकोटीनची तीव्रता लेबलवर लिहिली आहे तेवढीच आहे, हे कोण तपासणार? दशांशचिन्ह एक घर सरकले तर प्रमाण दसपट होते. निकोटीन कातडीतूनही शरीरात जाते. निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात हे वेगळे सांगावे लागू नये, कारण तंबाखूची ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना निव्वळ स्पर्शाने मळमळ, चक्कर आणि उलट्यांचा त्रास होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे.

आणि फ्लेवर? ‘तो तर खाण्याचाच असतो’, असे सांगितले जाते. नाताळच्या केकमध्ये आपण व्हॅनिलाचे इसेन्स घालतो, त्याने कोणी आजारी पडत नाही. पण पोट आणि फुप्फुस हे दोन वेगळे अवयव आहेत. डायॲसिटिल नावाचे एक द्रव्य पदार्थाला लोण्याचा वास देते आणि खाण्यात ते चालते. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ, बरा न होणारा आजार झाल्याचे २००० साली उघडकीस आले. त्यांनी ते लोणी खाल्ले नव्हते, वर्षानुवर्षे त्याची वाफ श्वासात घेतली होती. व्हेपमुळे हाच आजार होतो असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ‘खाता येते’ याचा अर्थ ‘छातीत घेता येते’ असा नाही. भेळेची उपमा इथेच तुटते.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो : ‘माझे शरीर, माझा पैसा. दुसऱ्याचे काय जाते?’ बंधुभगिनींनो, मुंबईच्या घरात ‘माझे’ असे किती असते? एकाच खोलीत आजी झोपते, बाळ रांगते आणि त्याच खोलीतल्या कपाटात ती बाटली असते. आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास येणारी. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे एक मूल असेच द्रवरूप निकोटीन पोटात जाऊन दगावले. त्यानंतर तिथे कायदा झाला की अशा बाटल्यांना लहान मुलांना उघडता येणार नाही असेच झाकण हवे. घरी मिसळून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेल्या लिक्विडला कोणते झाकण असते? कोणता कायदा त्या कपाटापर्यंत पोहोचणार? तिथे फक्त आपली सदसद्विवेकबुद्धी पोहोचू शकते. कारखाना घरात आणला की कारखान्याच्या तपासनीसाचे कामही घरातल्यांवर येते, आणि बहुतेक वेळा ते काम कोणीच करत नाही.

आता एक प्रामाणिक आक्षेप. तो टाळला तर आम्ही सत्याशी फारकत घेतल्यासारखे होईल. आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये आहेत. ते सांगतात, ‘आमच्याकडे डॉक्टरच सिगारेट ओढणाऱ्याला व्हेपकडे वळायला सांगतात.’ हे खरे आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये म्हटले की व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक आहे. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला, पण जळत्या तंबाखूच्या धुरापेक्षा तिच्यात विषारी द्रव्ये कमी असतात आणि तिच्या मदतीने काहींनी सिगारेट सोडली आहे, हे अभ्यासातून दिसले आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये बंदीची शिफारस केली ती वेगळ्या काळजीने. ज्यांनी सिगारेट कधी ओढली नाही अशी मुले याच दारातून निकोटीनकडे जातील, ही ती काळजी. जाणती माणसे या धोरणावर दोन बाजूंनी बोलतात. तो वाद या पानावर मिटणार नाही.

पण त्याच इंग्लंडमधली आणखी एक गोष्ट पाहा. तिथे नियम असा की निकोटीन असलेली बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको आणि तीव्रता एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको. मग व्यापाऱ्यांनी काय केले? निकोटीन नसलेली मोठी बाटली मुद्दाम थोडी रिकामी ठेवून विकायला काढली आणि शेजारी निकोटीनची छोटी बाटली ठेवली. गिऱ्हाइकाने घरी जाऊन दुसरी पहिलीत ओतायची. आपल्या दोन पुड्या आणि त्यांच्या दोन बाटल्या! देश कोणताही असो, कायदा जिथे थांबतो तिथून पुढचे काम गिऱ्हाइकाच्या हाताला दिले जाते. कायदा हे कुंपण आहे. कुंपणाच्या आत काय पेरायचे हे तो ठरवू शकत नाही.

म्हणून जो खरोखर सिगारेट सोडण्यासाठी धडपडतो आहे त्याला आम्ही दोष देणार नाही. त्याला आम्ही एकच कसोटी देऊ. जो सोडतो आहे त्याचे प्रमाण दर महिन्याला कमी होत जाते आणि त्याला शेवटचा दिवस दिसत असतो. जो मोठ्या बाटलीत वर्षभराची बेगमी करून ठेवतो तो सोडत नाही, तो मुक्काम करतो आहे. आजारी माणूस कुबडी घेतो ती टाकून देण्यासाठी. कुबड्यांचा साठा करणाऱ्याला चालायचे आहे, यावर कोण विश्वास ठेवील?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, सोडायला मदत मिळते आणि ती सर्वांत स्वस्त आहे. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. निकोटीनची तलफ टप्प्याटप्प्याने उतरवणारे च्युइंगगम आणि पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. डॉक्टरांना विचारून त्या घ्याव्यात. त्यांतही निकोटीनच असते, पण त्याचे माप तपासलेले असते आणि ते उतरत जावे अशीच त्यांची योजना असते.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. मुलाच्या दप्तरात अशी नळी सापडली तर घर डोक्यावर घेण्याआधी शेजारी बसा. ‘महिन्याला किती जातात रे?’ असे शांतपणे विचारा. या मुलांना हिशेब आवडतो, तर हिशेबानेच बोला. आणि ज्या घरात वडिलांच्या खिशात तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी आहे, तिथे उपदेश आधी स्वतःच्या तळहाताला करावा. देशातल्या २०१६-१७ च्या पाहणीत २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. मुलांनी ही सवय आकाशातून आणलेली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी, आणि ती आपल्या परंपरेतली आहे. प्रायश्चित्तकाळात आपण एक जेवण सोडतो, मटण सोडतो, कोणी चहा सोडतो. त्यातून वाचलेले पैसे डब्यात टाकतो आणि तो डबा गरिबांसाठी देतो. हीही काटकसरच आहे. पण तिची दिशा पाहा. बाटलीतल्या काटकसरीत माणूस खर्च कमी करतो तो हवे ते आणखी घेता यावे म्हणून, आणि त्याच्या वाचलेल्या पैशाने त्याच्या जगात दुसऱ्या कोणालाच जागा होत नाही. प्रायश्चित्तकाळातल्या काटकसरीत माणूस स्वतःची गरज आवरतो, आणि जी जागा मोकळी होते तिथे दुसरा माणूस येऊन बसतो. पहिलीत पैसा वाचतो, दुसरीत माणूसही वाचतो. आमच्या मते काटकसरीला सद्गुण करणारी गोष्ट हीच आहे : तिने कोणासाठी जागा केली?

शुभवर्तमानातला तो चतुर कारभारी आपल्याला नेहमी कोड्यात टाकतो. धन्याने त्याच्या हुशारीची वाहवा केली, आणि तरीही तो अप्रामाणिकच होता. प्रभूला त्याची लबाडी नको होती. अंधारातली माणसे आपल्या कामात जेवढे डोके चालवतात तेवढे प्रकाशातल्या माणसांनीही चालवावे, एवढेच त्याला सुचवायचे होते. आमच्या तरुण मित्रांनाही आम्ही हेच म्हणू. तुमच्याजवळ डोके आहे, माप काटेकोर घेण्याची सवय आहे, पैशाची किंमत कळते. हे सगळे एका नळीच्या चाकरीला लावणे हा त्या देणगीचा अपमान आहे.

या आठवड्यात एक कागद घ्या. एका बाजूला महिन्याला काय वाचते ते लिहा. दुसऱ्या बाजूला काय जाते ते लिहा : झोप, दम, घरच्यांपासून लपवलेल्या गोष्टी, कपाटापाशी रांगणाऱ्या बाळाची काळजी, आणि ‘मी हे केव्हाही थांबवू शकतो’ असे खरेपणाने म्हणण्याची ताकद. मग खाली रेघ मारून बेरीज करा. ती बेरीज आम्हाला दाखवायची असेल तर मिस्सानंतर आम्ही आवारात असतोच. दाखवायची नसेल तरी हरकत नाही. ती ज्याला दिसायची त्याला दिसतेच.

प्रभू आपल्याला खरा हिशेब मांडण्याची बुद्धी आणि तो मांडल्यावर वागण्याचे बळ देवो.

तुमचे धर्मगुरू